नळीचं वरचं टोक

घरात तो सगळ्यांत धाकटा, म्हणून आपणही त्याला धाकटाच म्हणू. त्याची ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, गणवेशांच्या कारखान्यात शिलाई करणारी, आणि तोंडाची इतकी तिखट की मुकादमसुद्धा तिच्या मशीनपाशी जपून यायचा. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. वडील शहराच्या बसवर ड्रायव्हर. सव्वीस वर्षं एकच रस्ता, तेच एकवीस थांबे आणि एकच नियम: कंडक्टरची घंटी वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मागे कोण चढतंय, कोण उतरतंय, कुणाची पिशवी दारात अडकलीय, हे ड्रायव्हरला दिसत नाही. ज्याला दिसतं त्याने सांगावं, ज्याच्या हातात चाक आहे त्याने ऐकावं. जगातले निम्मे अपघात लोक आपलं काम सोडून दुसऱ्याचं करायला जातात म्हणून होतात, असं वडिलांचं ठाम मत होतं. एकदा त्यांना इन्स्पेक्टर करायचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी साहेबांपुढे हात जोडले आणि आपल्या बसवर परत आले. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी धाकट्याला अठरा पूर्ण झाली आणि त्याने नौदलात नाव घातलं. भरतीच्या टेबलामागच्या कारकुनाने विचारलं, वडील काय करतात? ड्रायव्हर. तू कधी चाक धरलंयस? डेपोत, रिकाम्या बसचं, दोनदा. कारकुनाने कागदावर काहीतरी खरडलं आणि दहा आठवड्यांनी धाकटा एका जहाजाच्या सुकाणूपाशी उभा होता. बस आणि जहाज यांतला फरक त्या कारकुनाला ठाऊक होता की नाही, देव जाणे. दोन्हींना चाक असतं एवढं मात्र खरं.

जहाज सुरुंग काढणारं. शत्रू बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरून जायचा आणि यांनी ते वेचायचे. साफ झालेल्या पाण्यातून एक अरुंद वाट आखलेली असायची. तिच्या आत राहिलं तर वाचलं, बाहेर गेलं तर संपलं. आता कुणालाही वाटेल की अशा जहाजाचं चाक धरणारा माणूस डोळ्यांत तेल घालून समोर बघत असेल. छे! सुकाणूची खोली ब्रिजच्या, म्हणजे साहेब जिथे उभे राहून जहाज चालवतात त्या वरच्या मजल्याच्या, बरोबर खाली, पोलादी, चार पावलं लांब, आणि तिला खिडकीच नव्हती. समोर होकायंत्र, भिंतीवर घड्याळ, आणि तोंडाजवळ एक पितळी नळी, ती थेट वर ब्रिजवर निघायची. समुद्र दिसायचा तो वरच्या साहेबांना. ते नळीत म्हणायचे, उजवीकडे दहा. धाकटा नळीत तेच परत म्हणायचा आणि चाक फिरवायचा. दोन वर्षं तो समुद्रावर होता आणि कामावर असताना त्याने समुद्र म्हणून कधी पाहिला नाही.

आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. शेवटी बापाचाच मुलगा. नळीतून येणारा आवाज बहुतेक वेळा कप्तानांच्या हाताखालच्या दुसऱ्या साहेबांचा असायचा. हे तिशीतले गृहस्थ लढाईआधी शाळेत भूगोल शिकवायचे, आणि हुकूमही असा द्यायचे की फळ्यावरच्या नकाशावर काठी ठेवून दाखवताहेत. धाकट्याला त्यांचा चेहरा आठवायला कष्ट पडायचे, पण तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता.

एका सकाळी जहाज साफ केलेल्या वाटेने बंदराकडे परतत असताना वर धावपळीचे आवाज आले, तोफ वाजायला लागली. दुसऱ्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, तसंच सरळ धर. धाकट्याने ते परत म्हटलं. आणि मग वर असा स्फोट झाला की घड्याळाची काच तडकली आणि धाकट्याच्या कानांत दडे बसले. दडे सुटले तेव्हा नळी गप्प होती.

त्याच्याबरोबर खोलीत इंजिनाचा दांडा सांभाळणारा एक जाड्या खलाशी होता. तो शिडी चढून गेला, पण वरचं झाकण वाकून बसलं होतं. तो त्याला खालून खांदा लावून ढकलत राहिला. धाकट्याने नळीत हाक मारली, "ब्रिज?" पुन्हा मारली. मग हाक मारणंही सोडलं, कारण वरून कुणी बोललंच तर ते आपल्या आवाजात बुडून जाईल अशी त्याला भीती वाटली. होकायंत्राचा काटा जिथे होता तिथे धरून तो उभा राहिला. घड्याळावर साडेसहा मिनिटं गेली. साडेसहा मिनिटं म्हणजे काही नाही असं ज्याला वाटतं, त्याने भर रस्त्यात डोळे मिटून तेवढा वेळ चालून बघावं. मग नळीतून कप्तानांचा घोगरा आवाज आला, डावीकडे पंधरा. धाकट्याने ते परत म्हटलं आणि चाक फिरवलं.

बॉम्ब ब्रिजच्या कडेला लागला होता. दुसरे साहेब जागीच गेले होते. साफ केलेली वाट त्या भागात लांबच लांब सरळ होती, आणि जिथे ती डावीकडे वळत होती तिथे पोचायला, कप्तान बोलले तेव्हा, जहाजाला फार तर अर्धं मिनिट उरलं होतं. जहाजावर धाकट्याची वाहवा झाली. कप्तानांनी अहवालात 'विलक्षण स्थिर मनाचा' असे शब्द लिहिले. धाकट्याला ते शब्द टोचले. त्याने काय केलं होतं? घंटी वाजेना, म्हणून नुसता उभा राहिला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती, आणि लोक कावळ्याची पाठ थोपटत होते.

दोन आठवड्यांनी कप्तानांनी त्याला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा डावा हात गळ्यात अडकवलेला होता. टेबलावर एक कागद होता: अधिकाऱ्यांच्या शाळेसाठी शिफारस. धाकट्याने सरळ सांगून टाकलं की माझ्याकडून काही पराक्रम झालेला नाही, वरून आवाज येईना म्हणून मी काहीच केलं नाही.

"मला माहीत आहे," कप्तान म्हणाले. "मी तीन मिनिटं बेशुद्ध होतो. उरलेली साडेतीन नव्हतो."

धाकट्याला आधी अर्थच लागेना. कप्तानांनी तो सावकाश उलगडून सांगितला. धूर एवढा होता की स्वतःचा हात दिसत नव्हता. नळी तोंडाशी होती. पण बोलायचं काय? डावीकडे म्हणावं आणि वाट सरळ असली तर? चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं वाटलं आणि वीस वर्षं नोकरी झालेला माणूस गप्प बसला. हे त्यांनी अहवालात लिहिलं होतं, पण वरच्यांनी ते वाचून न वाचल्यासारखं केलं.

"वर उभं राहणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नाही, की खाली गप्प नळीपाशी उभं राहणं काय असतं," ते म्हणाले. "तुला ठाऊक आहे. जा."

धाकट्याने कागद उचलला. त्या क्षणापासून त्याच्या मनाने घेतलं. त्याला साहेबी टोपी नको होती, की कुणाचे सलाम. त्याला त्या नळीचं वरचं टोक हवं होतं, आणि एकदा ते मिळालं की ती नळी पुन्हा गप्प पडू द्यायची नव्हती.

अधिकाऱ्यांची शाळा समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात भरायची. लढाईमुळे पाहुणे गेले होते, झुंबरं मात्र तशीच होती. सोळा आठवड्यांचा अभ्यास. बरोबरचे बहुतेक कॉलेजातून उचलून आणलेले, बापजाद्यांपासून खुर्च्यांवर बसणारे. जेवणाच्या टेबलावर तीन-तीन काटे मांडलेले असत. पहिल्या दिवशी धाकट्याने त्यातला सगळ्यात मोठा उचलला आणि शेवटपर्यंत तोच चालवला. कोणाचं काय अडलं? गणिताशी त्याने दातओठ खाऊन झुंज घेतली. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा चष्मेवाला, एका प्राध्यापकाचा मुलगा, त्याला त्रिकोण शिकवायचा आणि त्याच्याकडून दोराच्या गाठी शिकायचा. बाराव्या आठवड्यापर्यंत धाकटा वर्गात आठवा होता.

मग लाँचवरची परीक्षा आली. सरावाच्या लाँचला मुद्दाम मोठ्या जहाजासारखं केलं होतं: वर उघडा ब्रिज, खाली बंद खोलीत सुकाणू, मध्ये पितळी नळी. विद्यार्थ्याने ब्रिजवर उभं राहायचं, हुकूम द्यायचे आणि लाँच पाण्यावर तरंगणाऱ्या एका लाल बोयाच्या बाजूला नेऊन उभी करायची. परीक्षक होते ते निवृत्तीतून परत बोलावलेले म्हातारे अधिकारी. त्यांची बोटं कायम पांढरी, म्हणून त्यांचं नाव खडू. त्यांचा एक कडक नियम होता: नळीत हुकूमच जायचा, फालतू शब्द एकही नाही.

लाँच बोयापासून तीनशे हात लांब असताना खडू म्हणाले, आता तुझं. धाकटा पुढे झाला, नळीशी वाकला, आणि त्याने नळीला कान लावला.

हो, कान. दोन वर्षं नळीपाशी तो एकच गोष्ट शिकला होता, ऐकायची. तो कान लावून उभा राहिला, अगदी तन्मय होऊन, वरून हुकूम यायची वाट पाहत. आणि वरती तर तोच होता! खाली चाकावर चष्मेवाला नळीच्या दुसऱ्या टोकाला कान लावून होता. दोघेही आज्ञाधारक. लाँच बिचारी सरळ गेली आणि बोयाला घासून पुढे निघाली. उजव्या अंगाचा रंग वावभर खरवडला गेला.

मागे रांगेत उभे असलेले सगळे हसत सुटले. कुणीतरी त्या संध्याकाळी त्याच्या खाटेवर खडूने मोठा कान काढून ठेवला आणि त्या दिवसापासून तो 'कान' झाला. खडू मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तीन आठवड्यांनी आणखी एक संधी मिळेल, त्यानंतर नाही. जमलं नाही तर तुझ्या जहाजावर परत जा, चाक धरणं हे काही कमीपणाचं काम नाही. ते हे चांगल्या मनाने बोलले, आणि म्हणूनच ते धाकट्याला जास्त लागलं.

मधल्या रविवारी दीड दिवसाची सुटी होती. तो घरी गेला. कानाची गोष्ट ऐकून ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग हसू आवरून उठली आणि टॉवेल घेऊन आली. आपले डोळे तिने आपणच बांधले, हातात पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं घेतलं आणि म्हणाली, चालव मला. धाकटा स्टुलावर उभा राहिला आणि टेबल, खुर्च्या, आईची इस्त्रीची फळी यांच्यामधून तिला फिरवायला लागला. पहिल्या फेरीत पाणी जमिनीवर, दुसऱ्या फेरीत आईच्या अंगावर. आई म्हणाली की लढाईवर गेलेला मुलगा घरी आला म्हणून देवाचे आभार मानायचे की फडकं शोधायचं, ते कुणीतरी सांगा.

वडील कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. पानामागूनच ते म्हणाले, ज्याचं काम त्यालाच साजे. चाक चांगलं होतं, नसत्या भानगडीत कशाला पडलास? तेव्हा धाकटा स्टुलावरून उतरला आणि त्याने त्या साडेसहा मिनिटांबद्दल सांगितलं. घरात पहिल्यांदाच. बॉम्ब, गप्प नळी, कप्तान केबिनमध्ये काय म्हणाले ते, सगळं. आई पदराआड तोंड लपवून नाही, सरळ समोर बसून रडली. वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि ताईच्या हातातून टॉवेल घेतला.

"बांध," ते धाकट्याला म्हणाले. "घरात नको. बाहेर."

घर दुसऱ्या मजल्यावर. बाहेर लांब सामाईक व्हरांडा, त्यात शेजाऱ्यांच्या बादल्या, एक मोडकी सायकल, वाळत घातलेले कपडे, आणि टोकाला जिना. धाकटा दारात उभा राहिला आणि डोळे बांधलेले वडील त्याच्या शब्दावर निघाले. दोन पावलं पुढे. उजवीकडे एक. सरळ. सव्वीस वर्षांच्या ड्रायव्हरची चाल, ना घाई ना ढिलाई. शेजारीपाजारी दारात जमले. जिन्याच्या तोंडाशी वडील पोचले आणि तेवढ्यात कडेचं दार उघडून एक बाई भरली बादली घेऊन मध्येच आली. डावीकडे म्हणावं तर जिना, उजवीकडे म्हणावं तर बादली. वडिलांनी एक पाय उचलला होता, तो तसाच हवेत राहिला.

"बोल की," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "चुकीचं बोललास तर धडकेन. धडकलो तर कळेल तरी कुठे आहे ते. गप्प बसलास तर मी काय करू?"

"थांबा," धाकटा म्हणाला. "पाय खाली. मागे एक."

वडिलांनी पाय टेकला, मागे झाले आणि टॉवेल सोडला. कपाळावर घाम होता. जिन्याकडे बघत त्यांनी धाकट्याला सांगितलं की इन्स्पेक्टर व्हायला नाही म्हटलं, ते नियमासाठी नाही. चार माणसांना आपण काहीतरी सांगू आणि ते चुकीचं निघेल, या भीतीने नाही म्हटलं. सव्वीस वर्षं आपण नियम पाळत नव्हतो, घंटीच्या आड लपत होतो. हे सांगताना त्यांना लाज वाटत होती आणि ती त्यांनी लपवली नाही. मग त्यांनी पुन्हा डोळे बांधून घेतले. त्या दिवशी ते जिना चौदा वेळा उतरले आणि चढले. एकदा सायकलीवर आदळले, एकदा भिंतीवर. धाकटा एकदाही गप्प बसला नाही.

दुसरी परीक्षा गुरुवारी होती. वारा पडलेला, पाणी सपाट. धाकट्याच्या सांगण्यावरून नव्हे, चिठ्ठ्या टाकून, पण चाकावर पुन्हा चष्मेवालाच आला. नापास झालेल्याच्या हातात लाँच ठेवायची नाही, परीक्षकाने स्वतः ती बंदरात न्यायची, अशी तिथली रीत होती. त्यामुळे निकाल कागदावर यायच्या आधीच सगळ्यांना कळायचा. खडू वही घेऊन मागच्या कठड्याला टेकले आणि म्हणाले, आता तुझं.

धाकट्याने हात पाठीमागे बांधले, नळीशी वाकला आणि तोंड लावलं. रांगेतून कुणीतरी खाकरलं. पहिले चार हुकूम नीट गेले आणि नीट परत आले. बोया समोर होता. तेवढ्यात उजवीकडून एक जुनाट टग, दुसऱ्या बोटी ओढणारी बोट, धापा टाकत आली, आणि तिच्या धुराड्यातून निघालेला काळा लोट पडलेल्या वाऱ्यात जागचा हलेना. लाँच त्यात शिरली. बोया गेला, टग गेली, लाँचचं नाकसुद्धा गेलं.

धाकट्याने तोंड नळीपासून हलवलं नाही.

"इंजिन अर्धं. धूर आलाय, मला काही दिसत नाही. सरळ धर." खालून चष्मेवाल्याने हुकूम तेवढा परत म्हटला. "अजून दिसत नाही. सरळच. मी इथेच आहे. सरळ."

खडूंनी वहीत काहीतरी लिहिलं. पेन्सिलीचा आवाज धाकट्याला ऐकू आला. फालतू शब्द मोजत असतील, असं त्याच्या मनात आलं, आणि तो बोलतच राहिला. अर्ध्या मिनिटाने धूर विरळ झाला. टग समोरून ओलांडून डावीकडे निघून जात होती. तिच्या पाठीमागून जावं म्हणून त्याने उजवीकडे वीस सांगितलं. लाँच वळायला लागली आणि मग त्याला दिसलं की टगच्या मागे पाण्यातून एक जाड दोर ताणलेला आहे, आणि त्या दोराच्या उजव्या टोकाला कोळशाने भरलेली बार्ज ओढली जातेय. तो लाँचला थेट त्या दोरावर नेत होता.

"चुकलो," तो नळीत म्हणाला. "इंजिन पूर्ण मागे. डावीकडे पूर्ण."

खालून हुकूम परत आला. लाँच सगळ्या अंगाने थरथरली, पाणी घुसळलं आणि ती थांबली. दोर नाकासमोरून गेला. मागून बार्ज गेली, दहा हातांवरून. तिच्यावरच्या माणसाने जाता जाता यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग धाकट्याने पुन्हा बोया शोधला, लाँच फिरवली आणि बोयाच्या अंगाला अंग लागू न देता बाजूला उभी केली.

हुकूम चुकला होता, तोही परीक्षकासमोर. वर 'चुकलो' हा शब्द, जो त्या शाळेत कुणी खाजगीतसुद्धा उच्चारत नसे. आणि नळीत भाराभर फालतू बोलणं. आपलं गणित आपल्याला कळतं. धाकट्याने नळीचं झाकण लावलं आणि परीक्षकाला जागा करून देण्यासाठी तो एक पाऊल मागे सरला.

खडू पुढे आले. त्यांनी वही उघडी ठेवली होती.

"त्या धुरात तुला काही दिसत होतं?"

"नाही, साहेब."

"मग बोलत का होतास?"

धाकट्याने नळीकडे बोट केलं.

"खाली माणूस होता, साहेब."

खडूंनी वही मिटून काखेत मारली, कठड्यापाशी परत जाऊन उभे राहिले आणि लाँच बंदरात घे म्हणाले. धाकट्याने झाकण उघडलं आणि चष्मेवाल्याला पुढचा हुकूम दिला.